लंगडा आला का?

२ सप्टेंबर १९५६, रविवार

बेट वर आलं. गेल्या रविवारी पवनेच्या गढूळ पाण्यावर फक्त वाळुंजाच्या झुडपांचे शेंडे हलत होते. आज झुडपं कमरेपर्यंत उघडी आहेत, त्यांना पुराचा कचरा अडकलेला आहे, आणि खालच्या टोकाला चिखलाचा एक लांबट पट्टा दिसू लागला आहे. पट्टा आमच्या ओसरीएवढाही नसेल. पण त्यावर यंदाचा पहिला तुतवार होता. शेपूट खालीवर करीत पाण्याच्या कडेकडेने चालत होता. उत्तरेकडून येणाऱ्या पाखरांत हा नेहमी पहिला. तो हिमालयापलीकडून आला की नुसता काश्मीरातून, हे मला माहीत नाही. माहीत नसताना ‘सैबेरिया’ लिहून टाकायचा मोह मी दरवर्षी टाळतो.

कोंडीरामने काहिलीतून नेलं. गुळाची काहील गुऱ्हाळ सुरू होईपर्यंत रिकामी असते, म्हणून पावसाळाभर आमच्या काठावर तिचीच नाव. ती सरळ जात नाही, फिरत फिरत जाते. माणसाला एकाच फेरीत दोन्ही काठ चारदा दिसतात.

कोंडीराम म्हणाला, “सयाजीराव, येवढा बी. एस्सी. झालेला माणूस, आन् चिखलातलं पाखरू बघाया काहिलीत बसतो. औषिदाच्या कारखान्यातल्या तुमच्या सायबांस्नी ठाव हाय का?”

“नाही.”

“मग आमी बी सांगत न्हाई.”

घरी आल्यावर वहिनींनी विचारलं, “लंगडा आला का?”

मी सांगितलं की धोबी पाखरं अजून दोन आठवड्यांनी येतील.

“ठाऊक आहे,” वहिनी म्हणाल्या. “तरी विचारलं.”

९ सप्टेंबर, रविवार

काल गणपती बसले. आज संध्याकाळच्या आरतीला उद्धवकाका आले. प्रसाद खाऊन झाल्यावर त्यांनी पंच्याला हात पुसले आणि म्हणाले, “सयाजी, चैत्रात बारा वर्षं भरली.”

कशाची ते विचारावं लागलं नाही.

दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. नाव ज्योतीराम. मुंबईला बंदरावर माल मोजून घेणारा कारकून होता. चव्वेचाळीसच्या एप्रिलात गोदीत स्फोट झाला. त्या दिवसापासून तो कोणालाही दिसलेला नाही. मी तिसऱ्या दिवशी मुंबईला पोहोचलो आणि इस्पितळं पालथी घातली. खोलीतल्या सोबत्याने सांगितलं की दादा सकाळी इस्त्रीचा सदरा घालून बाहेर पडला. कचेरीत पाहिलं तर त्या दिवसाच्या हजेरीवर त्याची सही नव्हती. सही नाही त्याअर्थी तो बंदरावर नव्हता, असं मी धरलं, आणि बारा वर्षं धरून आहे. मग इस्त्रीचा सदरा घालून तो कुठे गेला, हे वहिनींनी मला कधी विचारलं नाही. मीही तो विषय काढला नाही.

आमच्यात अशी रीत आहे की बारा वर्षं ज्याची खबर नाही, त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. मग त्याचं श्राद्ध घालता येतं. आणि त्याच्या बायकोचं कुंकू जातं. काकांचं म्हणणं, हे पितृपक्षातच उरकून घ्यावं, भटजींना त्यांनी विचारलं आहे.

मी म्हणालो, “पुरावा नाही, काका.”

“पुरावा? तुला काय कोर्टात उभा केलाय? आरं, बारा वर्षं माणूस एक कार्ड टाकत न्हाई, ह्याच्यापरीस आनखी कसला पुरावा पायजे तुला?”

“पण तो जिवंत असेल तर? जिवंत माणसाला अग्नी द्यायचा?”

“आन् जित्या बाईला टांगून ठेवायचं ते?”

वहिनी आत होत्या. भांड्यांचा आवाज थांबला होता.

काकांनी इतक्या वर्षांत वहिनींची चौकशी अशी कधी केली नव्हती. दादाच्या नावावरचं शेत मोकळं व्हावं असं त्यांच्या मनात असेल, हा विचार मला आला. लिहिताना लाज वाटते, पण आला तो लिहायला हवा. मी नाही म्हणून सांगितलं. वहिनींच्या बाजूने कोणीतरी ठाम राहायला हवं.

१३ सप्टेंबर, गुरुवार

कारखान्यात माझं काम तपासणीचं. औषधाचे थेंब काचेच्या नळ्यांतल्या, जंतू पोसणाऱ्या सत्त्वात टाकायचे, नळ्या उबेत ठेवायच्या आणि रोज उजेडासमोर धरून पाहायचं. सत्त्व गढूळ झालं तर त्यात जंतू आहेत. सात दिवस निवळ राहिलं तर औषध शुद्ध. आज सातवा दिवस होता. सगळ्या नळ्या निवळ. सही केली. ह्या कामाचा मला कंटाळा येत नाही. वाट कशी पाहायची हे ठरलेलं असतं आणि किती पाहायची तेही.

काका जाताना म्हणाले होते, “तू तरी येळंवर लगीन करायचं व्हतंस.” दादाचा ठाव लागेपर्यंत घरात मंगलकार्य नको, हे माझं कारण. ते खोटं नाही. पण जे कारण इतकी वर्षं न झिजता कामी येतं, ते एकदा उजेडासमोर धरून पाहायला हवं, असं आज वाटलं. मग जेवायला बोलावणं आलं.

१६ सप्टेंबर, रविवार

धोबी आले. राखी पाठ, पिवळं पोट, लांब शेपूट. बेटाच्या वरच्या टोकाला दगडांवर तिघे. प्रत्येकाचे दोन्ही पाय नीट दिसेपर्यंत मी थांबलो. तिघेही धडधाकट.

वही नवी आहे म्हणून लंगड्याविषयी पुन्हा लिहून ठेवतो. त्रेपन्न साली आमच्या घाटावर, वहिनी ज्या दगडावर धुणं धुतात तिथे, एक धोबी हिंडत असे. त्याच्या डाव्या पायाला बोटं नव्हती. दर पावलाला एक उसळी घेई. तो पहिल्यांदा दिसला वहिनींना. “भाऊजी, तुमच्या पाव्हण्यांतला एक लंगडतोय,” म्हणाल्या. शिमग्यानंतर तो गेला. पुढच्या भाद्रपदात परत आला, त्याच दगडावर. त्याच्या पुढच्या वर्षीही आला. इतर पाखरांविषयी मी एवढंच म्हणू शकतो की तशी पाखरं परत येतात. तेच पाखरू परत येतं ह्याला माझ्याजवळ एवढा एकच साक्षीदार आहे.

“लंगडा आला का?”

“नाही. तिघे आले, पण तिघांचेही पाय धड आहेत.”

“तिघांचे दोन्ही पाय बघितलेत?”

“बघितले.”

“बघितलेच असणार,” वहिनी म्हणाल्या आणि हसल्या. पुष्कळ दिवसांनी हसल्या.

२३ सप्टेंबर, रविवार

आज वहिनी बेटावर आल्या.

सकाळी म्हणाल्या, “मला एकदा न्या तिथे.” मी आईकडे पाहिलं. आईच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पुरता पिकला आहे, दुसऱ्यात पिकतो आहे. ती म्हणाली, “जा की. मला काय वाघ खातोय?” कोंडीराम बरोबर असणार, म्हणून मलाही गैर वाटलं नाही.

काहील फिरायला लागली तशा वहिनींनी दोन्ही हातांनी काठ धरला.

“ही अशी गोल का फिरते हो?”

“गुळाची हाय न्हवं बाई,” कोंडीराम म्हणाला, “तिला ढवळून घ्यायची सवं हाय.”

मग त्या काठ सोडून बसल्या.

कोंडीराम काहील धरून काठाशी विडी ओढत बसला. आम्ही पुरात वाहून आलेल्या एका ओंडक्यावर बसलो. मी तुतवार दाखवला. भोरड्यांचा एक थवा ज्वारीच्या रानाकडे गेला, तो दाखवला. वहिनी सगळीकडे बघत होत्या, पण प्रश्न विचारला तो भलताच.

“तुमच्या कारखान्यातल्या त्या नळ्या. त्यात काही उगवतंय का ते तुम्ही बघता ना?”

“हो.”

“आणि नाही उगवलं तर?”

“सात दिवस थांबतो.”

“मग?”

“मग सही करतो.”

“काही उगवलं नाही, ह्यावर सही?”

“हो. तोच निकाल असतो.”

त्यांनी लव्हाळ्याची एक काडी उपटली आणि बोटाभोवती गुंडाळू लागल्या. म्हणाल्या, “उद्धवमामंजींकडे मीच गेले होते.”

मला आधी अर्थच लागला नाही. मग काकांविषयी मी काय लिहिलं होतं ते आठवलं आणि मान खाली गेली.

“पण पुरावा,” मी म्हणालो.

“रोज सकाळी आरशासमोर उभी राहून कुंकू लावते. कोणाचं लावते ते सांगू शकत नाही. त्यांचा चेहरा फोटोतला आठवतो. आवाज तर मुळीच आठवत नाही. आई म्हणतात, तुमच्यासारखाच होता.”

मी सांगितलं की हे बरोबर नाही. दादाचा आवाज घोगरा होता आणि तो शब्दांची शेवटं गिळत असे. वहिनींनी ऐकून घेतलं.

“ते झाल्यावर काय होईल, असं तुम्हाला वाटतं?” त्यांनी विचारलं.

“काही बदलणार नाही. घर आहे, आई आहे, मी आहे. सगळं आहे तसंच राहील.”

त्यांनी बोटाभोवतीची काडी सोडून टाकली. मग पाण्याकडे वळून म्हणाल्या, “ते कुठलं पाखरू?”

तिथे पाखरू नव्हतं. लव्हाळ्याचं वाळलेलं बोंड होतं. तसं मी सांगितलं.

२५ सप्टेंबर, मंगळवार

काकांना होकार दिला. ते म्हणाले, “शानपन आलं म्हनायचं.” मी शहाणपणाने हो म्हटलं नाही. त्यांना हवं आहे म्हणून म्हटलं. वहिनींना, म्हणजे.

लंगडा नाही.

१ ऑक्टोबर, सोमवार

पळसाची पानं कोंडीरामने आणली. देठांची जुडी करून हातपाय, पानांचं अंग. भटजींनी विचारलं, “यजमानांचे बंधू उंचीने केवढे होते?”

मला नीट सांगता येईना. दादाला उभं पाहून बारा वर्षं झाली, आणि शेवटी पाहिलं तेव्हा तो घाईत होता. आई ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. तिच्या अधू डोळ्यांनी तिने माझ्या दिशेने पाहिलं आणि म्हणाली, “ह्याच्याएवढाच व्हता. दोघास्नी एकच सदरा बसायचा.”

मग भटजींनी सुतळीने माझं माप घेतलं. डोक्यापासून टाचेपर्यंत, मग खांद्यापासून खांद्यापर्यंत. सुतळी जमिनीवर पसरून तिच्यावर पानं मांडली. वहिनी दारात उभ्या होत्या. माझं माप घेत असताना त्या आत गेल्या, आणि पुतळा पुरा झाल्यावरच बाहेर आल्या.

नदीवर अग्नी दिला. पळस ओला होता, आधी नुसता धूर झाला. मग नारळ तडकला, तेव्हा आई पहिल्यांदा रडली. बारा वर्षांत तिला रडताना मी पाहिलं नव्हतं. तिला रडायला काहीतरी समोर हवं होतं, आणि ते मी पुराव्याअभावी अडवून ठेवलं होतं.

घरी बायकांनी काय काय केलं ते मी पाहिलं नाही. संध्याकाळी वहिनींनी ताट वाढलं. हातात बांगड्या नव्हत्या म्हणून वाढताना आवाज झाला नाही. कपाळावर कुंकवाच्या जागी कातडी थोडी फिकट आहे. इतकी वर्षं तिथे ऊन लागलं नव्हतं.

४ ऑक्टोबर, गुरुवार, सर्वपित्री अमावास्या

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहायचा प्रयत्न करतो.

घाटावर पिंड ठेवला. आम्ही मागे सरून उभे राहिलो. समोर बेट. सकाळी बेटावरच्या वाळुंजावर कावळ्यांचा मोठा गोंधळ होता, तो मी ऐकला होता. आता एकही कावळा नव्हता.

वेळ गेला. काका पुढे झाले. “ज्योतीराम, तुझ्या आईला आमी अंतर देनार न्हाई.” काही नाही. “तुझ्या वाटनीच्या शेताला हात लावनार न्हाई.” काही नाही. आई म्हणाली, “लेकरा, कुटं बी गेला असशील, माझा राग न्हाई रं तुझ्यावर.” तिचं हे वाक्य ऐकून मला धक्का बसला. इस्त्रीच्या सदऱ्याविषयी मी तिच्याशी कधीच बोललो नव्हतो.

घाटावरचे लोक कुजबुजू लागले. “जीव अडकलाय,” कोणीतरी म्हणालं. दुसरं म्हणालं, “जित्ता असंल, म्हनून शिवत न्हाई.”

कावळे कुठे आहेत हे मला दिसत होतं. नदीच्या खालच्या वळणावर एक भोवत्या जमिनीलगत घिरट्या घालीत चालला होता. हे ससाण्यासारखं मोठं शिकारी पाखरू, यंदाचं पहिलं, कालपरवाच उत्तरेकडून आलेलं. झाडून सगळे कावळे त्याच्या मागे लागले होते. भोवत्या पलीकडे गेला की ते परत येणार होते. यात दादाचा काही संबंध नव्हता.

काका मला म्हणाले, “सयाजी, तू बोल. सख्खा भाऊ हाईस. तुझ्याच तोंडचं ऐकायचं आसंल त्याला.”

मी बोलू शकलो नाही. खरं सांगितलं असतं तर आईने जे मोठ्या कष्टाने उच्चारलं ते फुकट गेलं असतं. आणि खरं माहीत असताना दादाला काही वचन देणं म्हणजे त्याला फसवणं. शिवाय वचन कोणतं द्यायचं हेही सुचेना. ‘वहिनींना’ एवढा शब्द तोंडाशी आला आणि पुढचं वाक्य मिळेना.

तेव्हा वहिनी बायकांतून पुढे आल्या. माझ्यापासून चार हातांवर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “मी आता वाट बघणार नाही. तुम्हीही बघू नका.”

आवाज मोठा नव्हता. त्याच सुमाराला भोवत्या वळणाआड गेला होता. पहिला कावळा वाळुंजावर आला, मान वाकडी करून पाहिलं आणि पिंडावर उतरला. लोकांनी हात जोडले. काका पंच्याने डोळे पुसत होते.

दोन गोष्टी एकाच वेळी झाल्या. त्यांतली कोणती कशामुळे झाली हे मला ठाऊक आहे. तरीही मी हात जोडले.

७ ऑक्टोबर, रविवार

वहिनींचे भाऊ सोपानराव चाकणच्या बाजूहून आले. सभ्य माणूस, कांद्याची शेती करतात. चहा घेऊन झाल्यावर म्हणाले, “सयाजीराव, आमची बहीण तुमी फुलासारखी सांभाळली, हे आमी जन्मात इसरनार न्हाई. आता दसरा झाला की तिला घेऊन जातो.”

मी म्हणालो, “कशासाठी? हे सासर आहे त्यांचं.”

“धनी हाय म्हनत व्हतो तवर सासर व्हतं. आता कोनच्या नात्यानं ठेवायची?”

“आई आहे.”

“देवानं त्यास्नी लई आयुष्य द्यावं. पर उद्या त्या नसल्या तर घरात किती मान्सं ऱ्हातील, तुमीच मोजा बरं.”

मी मोजलं. दोन.

वहिनींना वाटत असेल तसं होऊ दे, असं म्हणून मी आत गेलो. त्या चुलीपाशी होत्या. मी विचारलं, “तुम्हाला हे आधीच ठाऊक होतं?”

“सगळ्यांना ठाऊक होतं,” त्या म्हणाल्या.

मला नव्हतं. बेटावर मी ‘काही बदलणार नाही’ म्हणालो ते मनापासून म्हणालो होतो. एखादी गोष्ट सगळ्यांना कळते आणि तपासणी हेच ज्याचं काम त्याला कळत नाही, हे कसं, ते समजत नाही.

आज बेटावर गेलो नाही.

१५ ऑक्टोबर, सोमवार

वहिनी गेल्या.

काल दसरा, पण यंदा घरात सोनं वाटलं नाही. आज सकाळी सोपानरावांनी बैलगाडी आणली. एक ट्रंक, एक वळकटी. बारा वर्षांहून अधिक काळ राहिलेल्या माणसाचं सामान एवढंसं निघालं. आईच्या गळ्यात पडून त्या रडल्या नाहीत, आईच रडली. मग माझ्याकडे वळल्या. थोरल्या भावजयीच्या पाया पडायची आमच्यात रीत आहे, आणि मी दर दसऱ्याला पडत आलो आहे. मी वाकलो, तशी त्यांनी पावलं मागे घेतली.

“नको,” म्हणाल्या. “आज नको, भाऊजी.”

असं का म्हणाल्या ते कळलं नाही. त्यांना मी कशाने दुखावलं असेल, हे दिवसभर शोधतो आहे.

गाडीत बसल्यावर म्हणाल्या, “लंगडा आला तर कळवा.”

“कळवीन.”

“तो नक्की तोच असेल, तरच तुम्ही कळवाल. ठाऊक आहे मला.”

मी मोशीच्या रस्त्यापर्यंत गाडीबरोबर चालत गेलो. सोपानराव पिकांविषयी बोलत होते.

२८ ऑक्टोबर, रविवार

बेटावर चक्रवाकांची जोडी. नारिंगी, बदकापेक्षा मोठी. थापट्या बदकंही आली आहेत. पाणी इतकं उतरलं आहे की चिखलाचा पट्टा आता अंगणाएवढा झाला. ह्या ऋतूतला हा सर्वांत भरलेला रविवार म्हणायला हवा. कोंडीरामने विचारलं, “आज कोन कोन पाव्हनं?” मी नावं सांगितली. तो म्हणाला, “आन् तुमचं त्वांड का असं? येवढी गर्दी झालीया.”

घरी आल्यावर कोणी काही विचारलं नाही. आईने दोनदा “कौशल्या” अशी हाक मारली, आणि दोन्ही वेळा तिचं तिलाच आठवून गप्प बसली. स्वयंपाकाला शेजारच्या सगुणाबाई येतात. चांगल्या आहेत.

पूर्वी मला वाटे की मी बेटावर पाखरं बघायला जातो आणि परत आल्यावर त्यांविषयी सांगतो. आता तो क्रम उलटा असावा अशी शंका येते.

४ नोव्हेंबर, रविवार

गुऱ्हाळ लागलं. काहील चुलवाणावर चढली. बेटावर आता गुडघाभर पाण्यातून चालत जाता येतं, पण मी गेलो नाही. निघालो होतो, तेवढ्यात घाटावर सहज पाहिलं, तर धुण्याच्या दगडावर धोबी होता.

एका पायावर उभा होता. दुसरा पाय पिसांत ओढलेला. धडधाकट पाखरंही थंडीत अशीच उभी राहतात, त्यावरून काही ठरत नाही. शिवाय लंगडा इतक्या उशिरा कधी आलेला नाही. तो दुसरा पाय खाली टेकेल म्हणून मी थांबलो. दगड कोरडा आहे, आता त्यावर धुणं होत नाही. पाखरू शेपूट हलवीत होतं. मग कोणाची तरी म्हैस पाण्यात उतरली आणि ते ‘चिसिक्’ असं ओरडत बेटाकडे उडालं. पाय दिसला नाही.

नोंद: करडा धोबी, एक. खात्री नाही.

दुपारी गुऱ्हाळावर गेलो. कोंडीराम बैल पाहायला चाकणला निघाला होता. म्हणाला, “बाईंच्या गावावरनंच वाट हाय. काय निरोप?”

मी म्हणालो, “सांग, लंगडा आला.”

तो गेल्यावर बराच वेळ रसाच्या वाफेत उभा होतो. जे मला माहीत नाही ते माहीत आहे असं मी कोणालाही आजवर सांगितलेलं नाही. दादा मेला असंही नाही, जगला असंही नाही. मग आज हे कसं सांगितलं गेलं? त्याचं उत्तर लिहायला बसलो होतो, पण येत नाही.

११ नोव्हेंबर, रविवार

कोंडीराम आला. बैल पटले नाहीत, पुन्हा जायचं आहे. मला गुऱ्हाळावर बसवून त्याने काकवी दिली, मगच बोलला.

“बाई कांद्याच्या वाफ्यात व्हत्या. मी म्हनलं, सयाजीरावांचा निरोप हाय, लंगडा आला. तर हातातलं खुरपं खाली ठिवलं त्यांनी. मला वाटलं, कोन मान्साचीच खबर दिली का काय म्या. मग हसल्या. आन् म्हनल्या, त्यास्नी इचारा, दोन्ही पाय बघितले का?”

मी काकवीचं भांडं खाली ठेवलं.

“परवा निघनार हाय मी,” कोंडीराम म्हणाला. “काय सांगू?”

“सांग, अजून बघतोय.”

“बास? येवढंच?”

“एवढंच.”

त्याने माझं भांडं उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाला, “सयाजीराव, तुमचं पाखरू न्यारंच हाय,” आणि काहील ढवळायला उठला.

१२ नोव्हेंबर, सोमवार

कामावर निघताना घाटावरून गेलो. धुकं होतं. दगडावर तो होता, एका पायावर, माझ्यापासून दहा पावलांवर. इतक्या जवळून ह्या आधी कधी मिळाला नव्हता. मी सायकल हळूच भिंतीला टेकवली आणि उभा राहिलो.

काही वेळाने त्याने पिसं झाडली, मान लांब केली. आता तो दुसरा पाय खाली टेकणार, हे मला कळलं.

मी तोंड फिरवलं आणि सायकल घेऊन निघालो.